विहाराची सव्वा एकर जागा, स्तूप आणि बोधिवृक्ष: कामाचा क्रम कसा लावायचा?

वेदगंगा_काठ (निपाणी भाग)

सर्वांना जयभीम, नमो बुद्धाय.

गावाबाहेर विहार समितीच्या ताब्यात सव्वा एकर जागा आहे. एका मोठ्या सर्व्हे नंबरातला हा तुकडा. सगळी काळी जमीन, एका कडेला ओढा, समोर गावरस्ता. सध्या पत्र्याचा एक हॉल आणि बोअर एवढंच आहे. एरवी रविवारी ४०-५० माणसं येतात, पण बुद्ध पौर्णिमा आणि १४ एप्रिलला दीड-दोन हजार. बाबासाहेब १९२५ साली निपाणीला बहिष्कृत परिषदेसाठी आले होते, त्यामुळे कोल्हापूर, मिरजेकडची मंडळीही या भागात फिरतात आणि वाटेत विहार बघून जातात.

बैठकीत ठरलंय असं: ३० फूट व्यासाचा स्तूप, त्याच्यासमोर पिंपळ, मागे १० खोल्यांचा भक्तनिवास. काही जण म्हणतात "लुंबिनीसारखं करू", म्हणून इथं विचारतोय. लुंबिनीचा आराखडा नेमका कसा आहे आणि त्यातलं सव्वा एकरात काय बसतं? स्तूप भरीव बांधावा की पोकळ? पिंपळ कुठं लावावा? आणि आधी काय, मागून काय? वर्गणी टप्प्याटप्प्यानं येणार, त्यामुळे क्रम चुकला तर काम अर्धवट राहील.

---

दक्षिणतीर (संकेश्वर)

आधी लुंबिनीचं सांगतो.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट १९६७ साली तिथं गेले आणि त्यानंतर विकासाची चक्रं फिरली. आराखडा जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांचा, मंजूर झाला १९७८ साली. जागा तीन मैल लांब, एक मैल रुंद, म्हणजे जवळपास १,९०० एकर. तिचे एकेक मैलाचे तीन चौकोन पाडलेत. उत्तरेला नवी लुंबिनी वस्ती, तिथंच हॉटेलं, दुकानं, मुक्काम. मध्ये विहारांचा पट्टा, आणि त्यातून सरळ दक्षिणोत्तर कालवा: पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी. सगळ्यात दक्षिणेला पवित्र उद्यान. त्यात मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ, पुष्करिणी, आणि भोवती पाण्याचं गोल कडं.

यात्रेकरूनं गजबज उत्तरेला सोडायची, कालव्याकडेनं चालत यायचं आणि शेवटी मोकळ्या, शांत जागी पोचायचं, असा सगळा बेत होता. आता वाहनं उद्यानाच्या जवळ पोचतात, बहुतेक लोक तिथंच उतरून दर्शन घेतात आणि माघारी फिरतात. एवढा विचार करून आखलेली चाल वाहनतळाच्या जागेनं मोडली. तुमच्या सव्वा एकरात नेमकी हीच गोष्ट घेण्यासारखी आहे. गाड्या रस्त्याकडच्या कडेलाच थांबवा, स्तूपापर्यंत ६०-७० मीटर माणसं पायी येऊ देत. स्तूपाच्या पायथ्याशी एकदा जीप लागली की पुढच्या वर्षी टेम्पो लागतो आणि मग पानाची टपरी येते. हे थांबवणं कुठल्याच समितीला जमत नाही.

दुसरी गोष्ट मायादेवी मंदिराची. आत विटांचे जुने अवशेष आणि जन्मस्थळ दाखवणारी शिळा आहे. त्यावर २००३ साली उभी राहिलेली इमारत हे एक मोठं छत्रच आहे. तराईत भूजल वर, त्यामुळे पावसाळ्यात खालून ओल चढते, बंदिस्त जागेत दमटपणा साठतो आणि विटा खराब होतात. शिळेवर जाड काच बसवावी लागली, कारण लोक नाणी टाकायचे, पाणी-दूध वाहायचे. तुमच्याकडे ओढा आहे, म्हणजे हाच प्रश्न लहान प्रमाणात आहेच. ऑगस्टमध्ये बोअरशेजारी दीड-दोन मीटरचा खड्डा काढून पाणी किती खाली लागतं ते मोजा आणि मगच जोत्याची उंची ठरवा.

तिसरं म्हणजे विकास कशाला म्हणायचं. अशोकानं राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तिथं स्तंभ उभा केला. त्यावरच्या लेखात त्यानं लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नातला फक्त आठवा भाग ठेवल्याचं कोरलंय. उलट १९७८ च्या आराखड्यासाठी त्या पट्ट्यातली गावं उठवावी लागली. भोवतालच्या वस्तीला पाणी, रस्ता, दिवाबत्ती यातलं काही मिळत नसेल तर तीच वस्ती पुढं वाटेवरून, लाउडस्पीकरवरून, पार्किंगवरून भांडते. तुमच्या बोअरचा एक नळ कुंपणाबाहेर काढा. खर्च किरकोळ आहे.

---

काळी_माती (चिकोडी, स्थापत्य)

स्तूपाबद्दल. हिशेब मांडल्याशिवाय भरीव-पोकळ ठरवू नका.

३० फूट व्यास म्हणजे त्रिज्या ४.५७ मीटर. अर्धगोल अंडाचं, म्हणजे स्तूपाच्या घुमटाचं, घनफळ साधारण २०० घनमीटर. दाबलेला मुरूम घनमीटरला १.८ टन धरला तर ३६० टन. तळाचं क्षेत्र ६५ चौरस मीटर, म्हणजे नुसत्या अंडाचा भार साडेपाच टन प्रति चौरस मीटर. खाली एक मीटरची मेधी (चौथरा), वर दगडी आवरण, हर्मिका (माथ्यावरचा चौकोनी कठडा), छत्रावली (त्यावरच्या छत्र्या) धरली की सात-आठ टनांवर जातो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की एवढा भार निर्धोकपणे घेईलच असं नाही. पोकळ काँक्रीटचा घुमट १२५ मिलिमीटर जाडीचा केला तर कवचाचं वजन ४० टनांच्या आसपास, म्हणजे नवव्या हिश्श्यावर येतं.

पण हलकं झालं म्हणून सुटलो असं नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. जड बांधकाम तिच्यात बसतं आणि हलकं बांधकाम ती वर उचलते. म्हणून दोन्हीकडे नियम एकच, पाया काळ्या थरात ठेवायचा नाही. तीन ठिकाणी खड्डे घ्या: मध्ये, ओढ्याकडे, रस्त्याकडे. मुरूम दीड-दोन मीटरवर लागला तर काळी माती सगळी काढा आणि बाहेरून आणलेला मुरूम १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरनं दाबत भरा. एकदम मीटरभर टाकून वरून जेसीबी फिरवला तर वरचे सहा इंच घट्ट होतात, खाली सगळं पोकळ राहतं. थर त्याहून खोल असेल तर अंडर-रीम पाइल घ्या, खाली फुगा काढलेले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ते अशाच जमिनीसाठी विकसित केले. निघालेली काळी माती बागेत वापरा, भरावात एक पाटीसुद्धा नको.

घुमटात चुका कुठं होतात ते सांगतो. अर्धगोल कवच माथ्यापासून साधारण ५२ अंशांच्या खाली बाहेर फाकायला बघतं. त्या पट्ट्यात आडव्या कड्या आणि तळाशी रिंग बीम नीट नसेल तर उभ्या भेगा पडतात, आणि मग लोक रंगाला दोष देतात. खालचा भाग उभा असल्यामुळे तिथं दुहेरी फर्मा लागतो. बाहेरचा फर्मा वाचवला की काँक्रीट घसरतं, गवंडी ते थापीनं वर लोटतात आणि जाडी कुठं तीन इंच, कुठं आठ. क्युरिंगला घुमटावर पाणी थांबत नाही. गोणपाट बांधून किमान १० दिवस ओलं ठेवा. एप्रिलात उद्घाटन म्हणून मार्चच्या उन्हात स्लॅब टाकणं हे तर आपल्याकडचं ठरलेलंच!

बाहेरून पांढरा रंग दोन पावसाळ्यांत शेवाळ्यानं काळा पडतो. खानापूरकडे तर एकाच पावसाळ्यात. त्याऐवजी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करा. गोलाईवर छोटे तुकडे छान बसतात, पाणी उतरतं आणि धुता येतं. अंड आणि मेधी जिथं मिळतात तिथं पाणी मुरतं, म्हणून तिथं गोलाई द्या आणि मेधीच्या फरशीला बाहेर उतार ठेवा, मीटरला दोन सेंटीमीटर.

छत्रावली धातूची असो वा काँक्रीटची, वीजवाहक तार आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. मोकळ्या माळावरचं सगळ्यात उंच टोक तेच असणार. लुंबिनीचा अशोकस्तंभ वीज पडून मोडल्याचं चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगनं सातव्या शतकात लिहून ठेवलंय.

---

पिंपळपान (खानापूर)

पिंपळ स्तूपाच्या "समोर" लावायचा म्हणता, पण अंतर लिहिलेलं नाही.

साध्या जमिनीत इमारतीपासून १२-१५ मीटर चालतं. काळ्या जमिनीत मोठा पिंपळ उन्हाळ्यात मुळांनी ओल खेचतो, त्या बाजूची माती आक्रसते आणि पाया एकाच अंगाला बसतो. म्हणून पूर्ण वाढलेल्या झाडाच्या उंचीइतकं अंतर धरा, किमान २० मीटर. बोअर, सेप्टिक टँक आणि पाण्याच्या पाइपपासूनही लांब.

खड्डा मीटर बाय मीटर बाय मीटर, एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. भरताना दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, काळी माती फार चिकट असेल तर थोडी वाळू. रोप चार-पाच फुटी, पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली नसलेलं घ्या. गुंडाळलेली दिसली तर उभा छेद देऊन मोकळी करा. जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाले की लावा. खोडाचा बुंधा पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच राहिला पाहिजे.

आणि पार. सगळे हौसेनं इथंच चुकतात. खोडाला लागून दगडी पार बांधायचा, आत माती भरायची आणि वर फरशी. बुंधा दोन फूट मातीत गाडला जातो, साल कुजते, मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, वीस वर्षांनी फांद्या वाळायला लागतात तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही की कारण काय. बोधगयेत महाबोधी वृक्षाभोवतीचं सिमेंट देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या सल्ल्यानं काढावं लागलं. शिवाय पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त, फांद्यांना लोखंडी टेकू हे सगळं करावं लागतं. ते झाड तसं फार जुनं नाही. आधीचं १८७६ साली पडल्यावर पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं १८८१ साली लावलेलं आहे.

पार हवाच असेल तर खोडापासून तीन मीटर लांब, गोल, बसण्याच्या उंचीची कड बांधा. आतली जमीन मूळच्याच पातळीवर उघडी ठेवा, फक्त पालापाचोळा.

दिवे, उदबत्ती, मेणबत्त्यांसाठी झाडापासून वेगळी पत्र्याची छपरी करा, वाळूचे ट्रे ठेवून. बुंध्याशी तेल सांडलं की माती पाणी घेत नाही, आणि धुरानं साल काळी पडते. दूध वाहू नका, मुंग्या आणि त्यांच्या मागून कीड येते. पंचशील पताका फांद्यांना तारेनं बांधल्या तर तार सालीत रुतून फांदी जाते. खांब रोवा, त्यांवर बांधा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी पुरतं. येणाऱ्या प्रत्येकानं तांब्याभर ओतलं तर रोप कुजतं.

---

अकरा_ई (बेळगाव)

तुमच्या प्रश्नात कागदपत्रांचं अवाक्षर नाही, म्हणून लिहितोय.

जागा मोठ्या सर्व्हे नंबरातला तुकडा आहे म्हणता. आधी आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) काढून बघा, कॉलममध्ये नाव कोणाचं: समितीचं, मूळ मालकाचं की एखाद्या जुन्या कार्यकर्त्याचं? "ताब्यात" हा शब्द तहसील कचेरीत चालत नाही. तुकड्यासाठी भूमापकाकडून ११-ई नकाशा (पोटहिश्श्याच्या मोजणीचा) करून घ्यावा लागतो, त्याशिवाय खरेदीपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवलं जात नाही. समिती १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिच्या नावे, नाहीतर ट्रस्ट करून त्याच्या नावे. मग बिगरशेती, १९६४ च्या भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यानंतर पंचायतीचा बांधकाम परवाना. अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठीत दिलेला अर्ज टेबलावरच राहतो हे आपल्याला माहीत आहे.

फलकाचंही आत्ताच ठरवा. २०२४ च्या दुरुस्तीनं ट्रस्टसकट संस्थांच्या नामफलकावर ६० टक्के भाग कन्नड हवा आणि तो वरच्या बाजूला. मराठी, पाली खाली बसवा. दगडात कोरल्यावर बदलणं महाग पडतं.

जागा हायवेच्या जवळ असेल तर मध्यरेषेपासून ४० मीटरच्या आत बांधकाम चालत नाही आणि ७५ मीटरपर्यंत परवानगी लागते. जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटर पूर्ण बंदी, त्यापुढचे २०० मीटर परवानगीनं. खोदताना वीरगळ, कोरीव शिळा असं काही निघालं तर काम थांबवून तहसीलदारांना लेखी कळवा. हौसेनं सिमेंटमध्ये बसवून मोकळे होऊ नका.

आणि परवान्याच्या नकाशात संडास, वाहनतळ, पाणी सगळं दाखवा. नागपूरला जुलै २०२४ मध्ये दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी बंद पाडलं. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल ही भीती होती. पैसा मंजूर होता, यंत्रं लागली होती, पण लोकांना विश्वासात घेतलेलं नव्हतं. तुमचा नकाशा विहारात मोठा करून महिनाभर टांगा, हरकती तिथंच येऊ देत.

---

वेदगंगा_काठ

खूप आभार सगळ्यांचे. आरटीसीवर अजून मूळ मालकांचंच नाव आहे, त्यांचे वारस बक्षीसपत्राला तयार आहेत. पुढचे तीन प्रश्न. पोकळ स्तूप केला तर आत बसून वंदना घेता येईल का? भक्तनिवास करावा का? आणि बघायला जायचं तर जवळ काय आहे, लुंबिनी सगळ्यांना जमणार नाही.

---

काळी_माती

आत बसता येतं. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळच आहे, १२० फूट व्यासाचा. कलबुर्गीच्या बुद्ध विहाराचा घुमट ७० फूट उंच आहे. पण तुमच्या ३० फुटांत ६०-७० माणसांपलीकडे बसणार नाहीत, आणि पूर्ण अर्धगोल असला की आवाज परावर्तित होऊन नेमका मध्यभागी, बसलेल्यांच्या कानापाशी गोळा होतो. माइक लावला की एकाचे चार शब्द ऐकू येतात. आतून आवाज शोषणारं प्लास्टर किंवा घडीदार कापडी छत करा आणि माइक बंद ठेवा. वर हवेला हर्मिकेच्या चौकोनात जाळीच्या खिडक्या ठेवा, नाहीतर मे महिन्यात भट्टी.

मोठी वंदना बाहेर मैदानावर. दोन हजार माणसांना दाटीनं बसायला माणशी ०.६ चौरस मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर, बारा गुंठे. तुमच्या पन्नास गुंठ्यांतले बारा कायमचे रिकामे सोडा, त्यावर पुतळा नको, कारंजं नको. प्रदक्षिणेची वाट किमान अडीच मीटर, उजवा खांदा स्तूपाकडे ठेवून लोक एकाच दिशेनं फिरतील अशी, आत यायचा आणि बाहेर जायचा रस्ता वेगळा. मेधीवर चढायला पायऱ्यांबरोबर उतार, एका फुटाला बारा फूट लांबी.

---

दक्षिणतीर

भक्तनिवासाबाबत माझं मत स्पष्ट आहे: नको. सव्वा एकरात १० खोल्या म्हणजे स्वयंपाकघर, सांडपाणी, चावी सांभाळणारा माणूस, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस रिकाम्या खोल्या. निपाणीत लॉज आहेत. भिक्खूंसाठी दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर, बस्स.

ते पैसे संडासात घाला. हिशेब साधा आहे. बाईमाणसाला सरासरी अडीच मिनिटं धरली तर एका खोलीत तासाला २४ जणी. दोन हजारांत निम्म्या बायका, त्यातल्या चौथा हिस्सा भोजनाच्या एकाच तासात जाणार, म्हणजे २५० जणी, दहा खोल्या. समित्या चार बांधतात आणि दुपारनंतर बायका शेताकडे चालू लागतात. कायम पाच बांधा, पाचांसाठी पाइप आणि चेंबर तयार ठेवून त्या दिवसापुरत्या फिरत्या खोल्या आणा. पाणी माणशी पिण्याला तीन लिटर आणि वापराला पाच लिटर, म्हणजे १६ हजार लिटर. एप्रिलात बोअर तेवढं देईल असं धरू नका. १० हजाराची टाकी आधल्या रात्री भरून ठेवा, वर एक टँकर.

काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी घेत नाही, उलट वर येतो. सेप्टिक टँकचं पाणी खडीच्या वाफ्यातून न्या, त्यात कर्दळ लावा, आणि ओढ्यापासून व बोअरपासून शक्य तितकं लांब ठेवा. वाफा उताराच्या खालच्या अंगाला असू दे.

---

कृष्णाकाठ (अथणी)

बघायला जायचं तर सन्नती आणि कनगनहळ्ळी. कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी. रात्रीच्या गाडीनं कलबुर्गी, सकाळी बुद्ध विहार, तिथून जीप करून सन्नती.

सन्नतीच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात १९८६ साली कालीच्या देवळाचं छत कोसळलं, तेव्हा मूर्तीखालची शिळा अशोकाच्या आज्ञांची निघाली. कनगनहळ्ळीचा महास्तूप पुरातत्त्व खात्यानं १९९४ पासून खणला. अशोकाचं नाव कोरलेलं त्याचं शिल्प तिथलंच. तुमच्या गवंड्याला आणि इंजिनिअरला बरोबर न्या. चुनखडीच्या शिळा मेधीला आणि अंडाला कशा लावल्या होत्या, कोरीव पट्टा कुठं, कठडा कुठं, प्रदक्षिणेची वाट कुठून सुरू होते, हे पुस्तकात बघून कळत नाही. फोटोच्या परवानगीचं तिथल्या खात्याच्या माणसाला विचारून घ्या.

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी एवढंच: गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौली सीमा, पुढे भैरहवा आणि लुंबिनी. व्हिसा लागत नाही. प्रौढांनी पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर विसंबू नका. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. उन्हाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, मात्र जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात.

---

काळी_माती

क्रम विचारला होता तो राहिला. बक्षीसपत्र आणि ११-ई, मग बिगरशेती. ते चालू असताना मातीचे खड्डे, कुंपण, आणि जूनमध्ये पिंपळ, कारण त्याला वाढायला वेळ लागतो आणि खर्च काहीच नाही. मात्र स्तूपाची जागा खुंट्या मारून आखल्याशिवाय पिंपळ लावू नका. परवाना आला की सांडपाणी, संडास, पाणी, वाट. मग मैदान. स्तूपाचा पाया पुढच्या डिसेंबर-जानेवारीत, घुमट त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे मधल्या पावसाळ्यात भराव किती बसतो ते कळेल. पाया आणि घुमट एकाच वर्षी उरकायचा आग्रह कोणी धरला तर मेधीच्या चार कोपऱ्यांवर पातळीच्या खुणा करून ठेवा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. कोपऱ्याकोपऱ्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर घुमटाची सळई बांधायला घेऊ नका.